सुमनअक्का आणि पाच मंजुऱ्या

सुमनअक्का कागद फाडायची. ऑफिसात नवा फॉर्म आला की उभ्याउभ्या वाचायची, मधोमध फाडायची आणि अर्धा तुकडा बनवणाऱ्याच्या टेबलावर आपटायची. "उरलेल्या अर्ध्यात काम होतंय का बघ," म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने माझा फॉर्म फाडला. मला असा राग आला की दुपारी मी डबाही उघडला नाही.

कर्नाटकातल्या जोयड्याला आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस. रानात अस्वल दिसलं की बघणाऱ्याने मोबाइलवर बटण दाबून फोटो पाठवायचा, मग गावातले सगळे फोन एकदम वाजायचे, असं अ‍ॅप आम्ही चालवत होतो. अक्का त्याची प्रॉडक्ट मॅनेजर. राहायला रामनगरला, मूळची खानापूरकडची. ती कुणावर खेकसतेय ते खालच्या चहावाल्यालाही कळायचं.

आधी बटण दाबलं की लगेच फोन वाजत. मग एकदा कुणीतरी म्हशीला अस्वल समजलं, कापणी टाकून गाव पळालं, तक्रार आली. संस्थेच्या साहेबांनी फोटो तपासायचा टप्पा घातला, तो माझ्याकडे दिला. पुढच्या चुकीला जागेची खात्री, त्यापुढे मजकूर, मग सह्या. बघता बघता पाच मंजुऱ्या झाल्या. वर मी गावोगाव जाऊन शिकवलं, की मंजुरी येईपर्यंत कुणी ओरडायचं नाही, घबराट होते. अक्का दर सोमवारी साहेबांशी भांडायची. "अस्वल तुमच्या सहीसाठी थांबतंय व्हय?" साहेब हसून म्हणायचे, "प्रक्रिया आहे, मॅडम."

एका सकाळी बाजारकुणंग गावच्या रामाने बांधावरून बटण दाबलं. खाली ओढ्याच्या वाटेने त्याचा शेजारी दत्ता गवत कापायला निघाला होता. पूर्वी असं जनावर दिसलं की माणूस तोंडाशी हात धरून हाळी द्यायचा, पलीकडचा ती पुढे न्यायचा, आणि घटकाभरात सगळ्या शिवाराला कळायचं. रामाने हाळी दिली नाही. मीच शिकवलं होतं ना! फोटो माझ्याकडे आला तो धूसर. मी लिहिलं, 'अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा.'

दुसरा फोटो स्पष्ट होता. रामाने मोबाइल उचलला आणि त्याच क्षणी अस्वल झेपावलं होतं. ते दत्ताच्या छातीवर होतं, आणि दत्ताच्या तोंडाच्या जागी नुसतं लाल होतं.

अक्का माझ्या मागे उभी होती. तिने माझी मानगूट धरली आणि कपाळ टेबलावर आपटलं, दोनदा. रक्त आलं. खरं सांगतो, त्या दिवशी तेवढंच मला बरं वाटलं. मग ती जीप घेऊन सुटली. रामाने कोयत्याने अस्वल हुसकलं होतं. दत्ताच्या डोक्याची कातडी मागे लोंबत होती. अक्काने ती ओढणीने दाबून धरली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना यायच्या आत तो गेला.

तिसऱ्या दिवशी बैठक. साहेबांनी फळ्यावर सहावा टप्पा लिहिला: फोटो स्पष्ट आहे का, याची आधी तपासणी. अक्काने खुर्ची उचलली. पहिल्या घावात फळा फुटला, दुसऱ्यात साहेबांचा खांदा. पोलीस आले, नोकरी गेली. कुणी अडवायला पुढे झालं नाही, मीही नाही.

सुटल्यावर ती थेट दत्ताच्या घरी गेली. मी बरोबर होतो. दत्ताच्या बायकोने चुलीजवळचं लाकूड उचलून तिच्या पाठीत घातलं, पुन्हा घातलं. अक्का हलली नाही. शेवटी त्या बाईचाच हात थकला. तेव्हा दारातून रामा म्हणाला, "अक्का, मी हाळी दिली असती तर?"

अक्का 'तरी वाचला नसता' म्हणेल, असं मला वाटत होतं. म्हणावं, असंही वाटत होतं.

"वाचला असता," अक्का म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पर तुला गप आमी बसवलं. मी तवाच ही नोकरी सोडून गावात येऊन सांगायला पायजे होतं. न्हाई आले."

आता ती गावोगाव फिरून लोकांच्या फोनमधून आमचं अ‍ॅप काढून टाकते. ऑफिसात सहावा टप्पा सुरू झाला. तो माझ्याकडे आहे. मधूनमधून तिचा फोन येतो.

"नोकरी सोडलीस काय रे?"

"न्हाई, अक्का."

निदान एक शिवी तरी घाल, असं म्हणायला मी तोंड उघडतो. तोवर तिने फोन ठेवलेला असतो.