पुतळ्यांचा भाव आणि शेठांची खिचडी

आईच्या सोन्याच्या पुतळ्या माझ्या जन्माआधीच विकल्या गेल्या. वडिलांना विषमज्वर झाला, बिनपगारी रजा लांबली, आणि माळ ओवलेली होती तशीच बडोद्याच्या घडियाळी पोळेत, त्या सराफांच्या गल्लीत, शेठांच्या पेढीवर गेली. अंथरुणातून उठताच वडिलांनी आईला शब्द दिला, "भाव जरा उतरू दे, सगळ्या परत घेऊ." पुढे पैसे साठले. भावही अधूनमधून उतरला. पण तो उतरल्याचं वडिलांना कळायचं दुसऱ्या दिवशी, आणि तोवर तो पुन्हा चढला असणार अशी त्यांची खात्री असायची. आता ताईचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि विहिणींपुढे नुसत्या मंगळसूत्रावर उभं राहणं आईच्या अगदी जिवावर आलं होतं.

वडील महाराजांच्या हिशेबी खात्यात होते. शहानिशा केल्याशिवाय ते वांगीसुद्धा घेत नसत. मुंबईचा पेपर सकाळच्या गाडीने यायचा, पण त्यातला भाव आदल्या दिवशीचा. ताजा भाव दुपारी तारेने शेठांकडे यायचा. शेठ तार वाचून मांडीखाली सरकवायचे आणि मग गिऱ्हाइकाला तोंडी भाव सांगायचे. मांडीखालचा भाव आणि तोंडचा भाव एकच कशावरून, असा वडिलांचा सवाल होता. त्यांनी घेणारा होऊन विचारलं, मग विकणारा होऊन विचारलं. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, तेव्हा त्यांना लबाडी पकडल्याचा आनंद झाला.

सराफ आपल्याला पगडीवरून ओळखतात आणि भाव फिरवतात, असं त्यांच्या डोक्यात बसलं. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ते पगडी खुंटीला ठेवून बोडक्यानेच बाजारात गेले. भल्या घरचा माणूस उघड्या डोक्याने रस्त्यात दिसला की बडोद्यात लोक एकच गोष्ट समजत. पहिला सराफ गादीवरून उठून उभा राहिला. "कोण गयुं, साहेब?" दुसऱ्याने भाव न सांगता पाणी पुढे केलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर समाचाराला माणसं जमली. त्यांत ताईच्या सासरचेही होते, कारण सुतक आलं तर मुहूर्त हुकणार होता. आईने सगळ्यांना चहा दिला आणि घरात सगळे धडधाकट असल्याचं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. वडील आतल्या खोलीत पगडी घालून बसले होते.

त्यानंतर आईने आपला उपाय काढला. शेठांचं घर समोरच होतं. ते सूर्यास्ताआधी जेवायचे, आणि शेठाणीने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की सोनं उतरलं की शेठांना अन्न जात नाही, खिचडीवर भागवतात. चढलं की शिरा होतो. वडील आधी खूप हसले. मग गुपचूप दुसऱ्या दिवशीच्या पेपरशी ताळा घेऊ लागले आणि हसणं थांबलं. दर वेळी जमत होतं. कचेरीतून परतले की ते ओट्यावर थांबून समोरचा वास घेत. कधी तूप-वेलदोड्याचा वास आला की त्यांचा चेहरा पडायचा. शेठाणीला वाटे, साहेबांना शिरा फार आवडतो. ती वाटी पाठवायची आणि वडिलांना तो चढलेला भाव खावाही लागायचा.

चैत्र संपत आला तरी वडील म्हणत, "अजून थोडा उतरेल." एका संध्याकाळी ते दारात येताच आई म्हणाली, "अहो, आज नुसती पातळ खिचडी आहे. वर कढीसुद्धा नाही."

कढीसुद्धा नाही म्हणजे भाव पार कोसळला. वडिलांनी पायातले जोडेही काढले नाहीत, पैसे घेऊन तसेच दुकानात गेले. शेठांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांची उरलीसुरली शंकाही गेली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भाव न विचारता, घासाघीस न करता खरेदी केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच आईने माळ ओवून आणली आणि गळ्यात घातली.

पुढे काही महिन्यांतच सोनं असं चढलं की वडिलांच्या हयातीत ते पुन्हा त्या भावाला आलंच नाही. कचेरीत त्यांचं फार नाव झालं. पण हे पुढचं झालं. आईने माळ घातली त्या सकाळी वडील पेपर उघडून बसले होते आणि त्यात सोनं त्या महिन्यातल्या सगळ्यांत वरच्या भावाला होतं. ते पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत होते, तेवढ्यात शेठाणी एक रिकामी वाटी परत द्यायला आली.

"बेन, तमारा ओव्याने शेठनुं पेट सारुं थई गयुं. परवा सकाळपासून काही राहत नव्हतुं."

ती गेल्यावर वडिलांनी पेपर खाली घेतला. "परवा सकाळी ओवा तूच दिलास?"

"दिला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"खिचडी आहे एवढंच मी सांगितलं. होतीच ती." आईने गळ्यातली माळ सरळ केली. "तुमचा भाव उतरायची वाट बघता बघता माझे केस पिकले हो."

 वडिलांनी पेपराची घडी घातली, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, "जरा उजेडात ये. नीट बघू दे."