परबांचं गाऱ्हाणं

विक्रोळीच्या त्या चाळीत चंद्रप्रकाश परबांच्या गाऱ्हाण्याशिवाय कुणाचं नवं काम सुरू होत नसे. नारळ ठेवायचा, देवाला एकेक मागणं मोठ्यानं सांगायचं आणि दर मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही कोकणातली रीत. चारचौघांनी ‘व्हय’ म्हटलं नाही तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, अशी परबांची पक्की समजूत.

परब ज्या कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला. त्याच्या रिकाम्या शेडमध्ये रेवती आणि तिची मंडळी आली. कुणी चित्रं काढणारी, कुणी कार्टून फिल्म बनवणारी. चाळीनं नाकं मुरडली, पण परबांना त्यांचं कोण कौतुक! कलाकार माणसं आपल्या दारी आली म्हणून स्वारी खुशीत. रेवतीनं गाऱ्हाणं घालायला बोलावलं, तर अख्खी चाळ घेऊन गेले.

“बा देवा म्हाराजा, ह्या पोरांचो धंदो वाढांदे. ही जागा तेंका अपुरी पडांदे, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” शेड दणाणली.

आणि जागा खरंच अपुरी पडली. कंपन्या आल्या, महागड्या कॉफीची दुकानं आली. जिथे कलावंत तिथे नोकऱ्या आणि तिथेच पैसा, असं मोठी माणसं सांगू लागली. स्टुडिओ बांधील त्याला जादा मजले, असं सरकारी धोरण आलं. चाळीच्या मालकाला तेवढं पुरे होतं, त्यानं चाळ पाडायला काढली. त्याच चाळीत वर्षानुवर्षं भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे सामने, रंगल्या होत्या, पण त्या गाजवणाऱ्या म्हाताऱ्यांना कलावंतांत धरायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. संताप येतो, दुसरं काय.

मिळेल ते घेऊन माणसं पांगली. कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला, पखवाजवाला राजाराम तर थेट गावी. परब आणि प्रेमा मुलुंडला लेकीकडे, दीप्तीकडे आले. परब खिडकीत बसून राहू लागले.

“तुमीच मागलास ना देवाकडे?” प्रेमा एकदा म्हणाली. मग तिलाच रडू आलं.

वर्षा-दोन वर्षांनी रेवतीचा फोन आला. चाळीच्या जागी तिच्या स्टुडिओची नवी इमारत उभी राहिली होती. “काका, तुमच्याशिवाय उद्घाटन नाही करणार ना मी. याच तुम्ही.”

पोरीच्या मनात पाप नव्हतं, म्हणून रागावताही येईना. परब गेले. आपल्या माणसांसाठी काही मागायचं तर त्याच जागेवर उभं राहून मागावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. काचेच्या त्या हॉलमध्ये त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार जी माणसां नांदली, ती खंय आसतीत थंय सुखी ठेव, रे म्हाराजा!”

ते थांबले. समोर शंभरेक तरुण चेहरे, बरेचसे मोबाईल वर धरलेले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच मनापासून वाजवल्या. रेवतीचे डोळे भरून आले होते. टाळ्या ओसरल्या तरी परब हात जोडून थांबलेच होते.

मग त्यांनी तेच मागणं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. टाळ्याही जरा मोठ्यानं वाजल्या.