उरलेली अर्धी गोळी

किडनीच्या डॉक्टरांकडं माझ्या शेजारी कन्नड तालुक्यातून आलेले एक बाबा बसले होते. त्यांनी दुखण्याची गोळी नखानं मधोमध मोडली, अर्धी कोरडीच गिळली आणि उरलेली रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवली.

"हाडं लई दुखायलीत. गोळी घेतली की मोकळं वाटतं," म्हणाले आणि हसले.

नंबर लागल्यावर त्यांनी माझा हात धरला. "मला कमी ऐकू येतं. जरा संगट या."

डॉक्टर रिपोर्ट बघत मोठ्यानं बोलले, "बाबा, किडनी बिघडली की एक हार्मोन वाढतं, ते हाडातलं कॅल्शियम ओढतं. तुमचं ते हार्मोन लई वाढलंय. म्हणून हाडं दुखतात. आणि या गोळ्यांनी किडनी आणखी खराब होतेय."

मी हबकलोच. म्हणजे दुखणं थांबावं म्हणून हा माणूस रोज दुखणंच गिळत होता!

बाबा मात्र रुमालाच्या गाठीकडं बघत राहिले.

"डॉक्टरसाब, म्हातारीचे गुडघे धरलेत. अर्धी रोज तिला देतो. तिला सोडून एकट्यानं गोळी मी कधी खाल्ली नाय."