सातपूरचा शनिवार

बोडकेशेठनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या, मोजा दांड्या."

"पाच आहेत."

"पाच ना? मग साडेतीनला फोन का लागत नाही? पूजेला ठेवू का ह्याला?"

बोडकेशेठचं सातपूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप होतं. साल दोन हजार चार. मी नाशिकच्या एका मोबाइल कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होतो, वय एकतीस. टॉवर कुठे उभा करायचा आणि त्यात किती रेडिओ बसवायचे, हे ठरवणं माझं काम. सातपूरचा तो टॉवर माझाच होता.

दांड्या म्हणजे कव्हरेज. टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतो की नाही, एवढंच त्या सांगतात. सिटी बस स्टॉपवर येते हे कव्हरेज. आत उभं राहायला जागा आहे की नाही, ही कपॅसिटी. एका रेडिओत आठ जागा असतात. कारखान्यांच्या बाजूला मी दोन रेडिओ दिले होते, म्हणजे सोळा जागा. त्यातल्या दोन टॉवरच्या स्वतःच्या कारभाराला जातात. उरल्या चौदा. पंधराव्या माणसाला पाच दांड्या दिसतात आणि कानात टूं टूं ऐकू येतं.

साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते. त्या वेळी सातपूरला पंधरावा माणूस म्हणजे जवळजवळ सगळं सातपूर.

बोडकेशेठ गेल्यावर देशपांडे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर पुण्याहून बदलून आलेले, आमचे मुख्य.

"देवरे, ही पाचवी तक्रार. प्लॅन चुकलाय का?"

"नाही सर. प्लॅन सात दिवसांच्या सरासरीवर आहे."

"मग?"

"रेडिओचं कार्ड खराब असेल. मेंटेनन्सला विचारायला हवं."

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की आजही आठवलं की कान गरम होतात. कारण प्लॅन सात दिवसांच्या सरासरीवर नव्हता. एका दिवसाच्या रीडिंगवर होता.

झालं असं होतं. टॉवर नवा सुरू झाला की कोणत्या तासाला किती कॉल होतात ते आठवडाभर बघायचं, त्याची सरासरी काढायची आणि सर्वांत गर्दीच्या तासाला पुरतील एवढे रेडिओ द्यायचे, अशी पद्धत. प्रत्येक दिवसाचं रीडिंग मुख्य ऑफिसातून वेगळं मागवावं लागे. मी साइटवर गेलो तो दिवस शनिवार होता. रस्ते मोकळे, जीप सुसाट, काम दोन तासांत उरकलं. त्या दिवसाचं रीडिंग तिथेच लॅपटॉपवर उतरवून घेतलं. सोमवारी प्लॅन द्यायचा होता आणि रविवारी दिंडोरीला मुलगी बघायला जायचं होतं. मी शनिवारचेच आकडे फॉर्मात भरले आणि वर लिहिलं, 'सात दिवसांची सरासरी'. मुलीनं होकार दिला. प्लॅनही मंजूर झाला. आठवडा एकूण झकास गेला.

रस्ते मोकळे का आहेत, हा प्रश्न मला पडला नाही. सातपूरला साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. मी पंचवटीत जन्मलो, वाढलो. मला हे माहीत होतं. फक्त त्या दिवशी आठवायचं नव्हतं.

आता पगारे. मेंटेनन्सच्या कंत्राटदाराकडचा हा टेक्निशियन, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सातपूरच्याच कामगार वसाहतीत राहणारा. माझ्या सांगण्यावरून त्याने कार्ड बदललं. तक्रारी चालूच. दुसऱ्यांदा बदललं. तरी चालूच. तेव्हा सर वैतागले.

"हा माणूस काम करतो की गच्चीवर झोपतो? शुक्रवारपर्यंत ठीक झालं नाही, तर कंत्राटदाराला पत्र देतो. पगारे नको, दुसरा द्या. तुम्ही मसुदा करून ठेवा, देवरे."

मसुदा मीच करायचा होता. केलाही. 'कामात हलगर्जी' असे शब्द घातले.

बुधवारी दुपारी मी साइटवर गेलो. पगारे गच्चीवर, टॉवरखालच्या केबिनमध्ये पत्र्याच्या डब्यातला भात खात बसला होता. समोर साइटची फाइल उघडी, त्यात माझ्या प्लॅनचा तासागणिक कॉलचा तक्ता.

"या साहेब. जेवता का?"

"जेवून आलोय. कार्डाचं काय?"

"कार्डाला कायबी झालेलं नाय. तिसरं घातलं तरी तेच." त्यानं बोट तक्त्यावर ठेवलं. "हे रीडिंग शनवारचं हाय का, साहेब?"

"का?"

"साडेतीनला तुमचा कागद झोपलाय. सातपूर साडेतीनला झोपत नाय. शनवार सोडून."

तो ताक प्यायला.

"माझ्या नावाचं पत्र निघणार हाय म्हनं. कंत्राटदार बोलला. मी कुनाला काय सांगनार नाय, साहेब. पण अजून कितींदा कार्ड बदलू, तेवढं सांगा. जिना लय उभा हाय."

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला उलट ओरडता आलं असतं.

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेलो. जिना चढताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं. खुर्चीत बसेपर्यंत निम्मं गळालं.

"सर, चूक पगारेची नाही, प्लॅनची आहे. सरासरीत शनिवार आलाय. शनिवारी सातपूर बंद असतं, त्यामुळे आकडा खाली आला."

"शनिवारी? एमआयडीसीला सुट्टी शनिवारी?"

"हो सर."

"अहो, मी इथे दीड वर्ष आहे! मला कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी फाइल ओढली, शेवटचं पान पाहिलं आणि आवाज एकदम उतरला. "खाली माझी सही आहे."

"हो सर."

"म्हणजे ही चूक आपण दोघांनी मिळून केली."

"तसं म्हणता येईल, सर."

सरांनी पगारेच्या पत्राचा मसुदा मागितला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "आता रेडिओ कुठून आणायचे ते बोला."

ते सोपं होतं. सिंहस्थासाठी पंचवटीच्या टॉवरवर जादा रेडिओ बसवले होते. कुंभमेळा कधीच उठला होता, रेडिओ तिथेच बसून होते. शुक्रवारी पगारेनं त्यातले दोन काढून सातपूरला लावले. साडेतीनला आम्ही दोघे लॅपटॉपसमोर बसलो. चौदा जागा भरल्या. पंधरावा कॉल आत गेला. सोळावा, सतरावा.

"बसले की सगळे!" पगारे म्हणाला आणि मांडीवर थाप मारली, माझ्या. चार वाजता बोडकेशेठचा फोन आला. "लागला हो! म्हटलं तुम्हालाच पहिला लावावा."

इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी होती. पण सरांनी झाल्या प्रकाराचं टिपण वर पाठवलं. वरून सगळ्या ऑफिसांना परिपत्रक निघालं: सरासरी काढताना त्या भागाची साप्ताहिक सुट्टी वगळावी. सूचना कुणाची, तर नाशिकच्या देवरेंची. वार्षिक बैठकीत मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'स्थानिक परिस्थितीची उत्तम जाण' असं त्यावर छापलेलं आहे.

कंत्राटदाराची माणसंही त्या दिवशी बोलावली होती. पगारे मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. नंतर चहाला माझ्याजवळ आला.

"अभिनंदन, साहेब."

"पगारेभाऊ, तुम्ही तरी..."

"नाय, खरंच. फक्त एक हिशोब लागला नाय मला." त्यानं बशीत चहा ओतला. "सातातला एक दिवस सुट्टीचा निघाला, तर सरासरी जरा खाली येईल. साडेतीनची सगळी गर्दी गायब कशी झाली वो? बाकीचे सहा दिवस होते तरी का?"

"नव्हते."

"तेच म्हनलं." आणि तो भुर्रकन चहा प्यायला. वर म्हणाला, "सरांनी भागाकार केला नाय, तुमचं नशीब."

उद्या सरांना सांगू, असं तेव्हा ठरवलं होतं. मग त्यांची बदली झाली, माझं प्रमोशन झालं, त्या उद्याला वीस वर्षं होत आली. पगारे त्याच कामावरून रीतसर निवृत्त झाला. त्याची नोकरी माझ्यामुळे वाचली असं मी बराच काळ स्वतःला सांगत असे. ती माझ्यामुळेच जाणार होती, हे सांगायचं राहून जाई.

नव्या इंजिनियरांना मी एवढंच शिकवतो: कुणी सरासरी दाखवली, तर आधी विचारा, दिवस किती घेतले? ते मला हुशार समजतात.

देशपांडे सरही आता निवृत्त आहेत, पुण्याला असतात. हे छापून आलं की पहिली प्रत त्यांना पाठवणार आहे. भागाकाराला आता त्यांना वेळ असेल.