हलवलं न्हाई तर बंद पडतं

मोंढ्यात माझ्या दुकानाला लागून शेठची हळदीची अडत आहे. साऱ्या जगाची वेळ दाखवणारी, तबकडीभोवती शहरांची नावं असलेली मनगटी घड्याळं जमवायचा त्यांना नाद. काही जुनी, काही नवीकोरी, सगळी महागडी. स्वतः शेठ मात्र हिंगोली सोडून फारसे कुठं जात नाहीत. सौदा चालू असतानाही त्यांचा डावा हात सारखा हलत असतो.

"काहून हात हलवून राहिले, शेठ?" मी एकदा विचारलं.

"अवो, याला चावी न्हाई. हलवलं न्हाई तर बंद पडतं."

परवा त्यांनी हातातलं घड्याळ काढून मला बघायला दिलं. मोकळं मनगट तसंच हलत राहिलं. त्यांनी ते मांडीखाली दाबलं, तर खांदा हलायला लागला. मी पाहतोय हे कळताच त्यांनी घाईनं घड्याळ मागून घेतलं, पण पट्टा काही लागेना.

शेवटी मीच लावून दिला.

"लंडनला किती वाजले, शेठ?"

"थांबा," ते खाली बघत म्हणाले, "जरा हलवून घेतो. बंद पडलं असंल."