जोडीतला तारा

चार संग्राहक एका टेबलाभोवती बसले की वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साचतात. आमचं टेबल अंबरनाथ पश्चिमेला, माझ्या घरी. विषय एकच: जुन्या संस्थानांनी सरदार-दिवाणांना दिलेली मानचिन्हं. त्यात सगळ्यात दुर्मिळ म्हणजे पूर्ण जोडी, छातीवर लावायचा तारा आणि खांद्यावरच्या पट्ट्याला लटकवायचं पदक.

*

पालेगावच्या म्हात्रेकाकांकडे असा एक चांदीचा तारा आहे. गणपतीच्या आधी काकूंनी तो पूजेच्या भांड्यांबरोबर रांगोळीने लख्ख घासला. संग्राहक जीव टाकतो तो जुन्या काळपट झाकेवर, आणि तीच गेली! काकू म्हणाल्या, "राजा काय मळका तारा लावून बसायचा?"

तेव्हापासून तारा काकांच्या खिशातच असतो.

*

गोपभाई उल्हासनगरला जुन्या सामानाचा धंदा करतात. एकदा त्यांनी मोठ्या ऐटीत एक मानचिन्ह आणलं. काकांनी नख मारलं, तर निळा रंग नखावर. लग्नाच्या बँडवाल्याचा बिल्ला निघाला.

गोपभाई शांतपणे म्हणाले, "साईं, बँडमास्टर भी उस दिन राजा ही होता है." बिल्ला अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे, आणि मला ते आवडतं.

*

काकांच्या ताऱ्याचं पदक बदलापूरच्या प्रधानबाईंकडे निघालं. बाई निवृत्त शिक्षिका, पणजोबा संस्थानात दिवाण. काका ते मागायला गेले तर बाई म्हणाल्या, "पदक मिळणार नाही. तुमचा तारा मला द्या."

वर्षानुवर्षं हेच चाललंय. चहा होईपर्यंत दोघं आपापली वस्तू माझ्या टेबलावर शेजारी ठेवतात, मग ज्याची त्याने उचलायची. ती जोडी फुटताना मला दर वेळी वाईट वाटतं.

*

मध्यंतरी बाईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघे हॉस्पिटलात गेलो. बाई घाबरल्या होत्या. "यातून काही मी उठत नाही," म्हणाल्या.

काकांनी खिशात हात घातला. गोपभाई माझ्या कानात पुटपुटले, "इनको बोलो, आज पदक मत माँगना." मलाही तीच धास्ती होती.

काकांनी तारा काढून बाईंच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटली.

"बाई, यो आजपासून तुमचा. मानकरी गेला का मानचिन्ह परत करायचा, ह्यो संस्थानाचा नियम तुम्हाला ठावं हाय. पन मना काय घाई नाय."