अकरा दिवसांचं पथ्य

गोजरबाईनं काकासाहेबांची जीभ बांधली आणि आपल्या लोखंडी काहिलीच्या बुडाखाली पुरली, अशी कुजबुज बहात्तर सालच्या फेब्रुवारीत पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात सुरू झाली. जीभ कशानं बांधली यावर मात्र एकमत नव्हतं. पाणवठ्यावरच्या बायका पिवळा दोरा म्हणत, पारावरचे म्हातारे काळा केस म्हणत, आणि एका आजीबाईनं तर ती जीभ पुरताना डोळ्यांनी पाहिली होती. त्या आजीबाईला स्वतःची सून अंगणात ओळखू येत नसे, पण ते जाऊ द्या.

गोजरबाई पंचक्रोशीत पाण्याची बाई म्हणून ठाऊक होती. कंबर धरलेली, गुडघे आखडलेली, ओझ्यानं खांदे मोडलेली माणसं तिच्याकडं येत. नदीकाठची निरगुडी हंड्यात उकळायची, ते पाणी सोसेल इतकं निववून जुन्या लोखंडी काहिलीत ओतायचं आणि माणसाला त्यात कमरेपर्यंत बसवायचं, एवढाच तिचा दवाखाना. काहील मूळची गूळ रांधायची. साखर कारखाना आला, गुऱ्हाळं बसली, आणि सरपंच काकासाहेबांच्या बांधावर ती गंज खात पडली. गोजरबाईनं ती मागून आणली नव्हती, उचलून आणली होती. टवाळ मंडळी म्हणत, पूर्वी हिच्यात उसाचा गूळ निघायचा, आता माणसाचा निघतो.

रोग्यानं येताना दोन गोवऱ्या आणि निरगुडीचा भारा आणायचा, की झालं. राहात्याचा डॉक्टर सुई टोचायचा, गोळ्या द्यायचा, पण पथ्य काही सांगायचा नाही, आणि ज्याला पथ्य नाही त्याला ते गाव औषधच मानत नसे. गोजरबाईनं ही नस बरोबर धरली होती. कुणाला वांगं बंद, कुणाला बैलगाडीत बसणं बंद. एका तापट सासूला तिनं महिनाभर फक्त सुनेच्या हातचं खायचं पथ्य दिलं. सासूचे गुडघे सुटले, आणि सुनेचं डोकं दुखायचं थांबलं ते वेगळंच.

ही विद्या ती शिकली नवऱ्याच्या कमरेवर. आसाराम विहिरी खोदायचा. चार वर्षांपूर्वी काकासाहेबांच्या विहिरीवर यारीचा, म्हणजे खालचे दगड वर ओढणाऱ्या सांगाड्याचा, जाड दोराचा नाडा तुटला आणि दगडांनी भरलेली पाटी तळाशी उभ्या असलेल्या आसारामच्या कमरेवर आली. नाडा विरलाय हे आसारामनं तीन दिवस आधी मालकाच्या कानावर घातलं होतं. एवढा थर निघू दे, मग नवा आणू, असं मालक म्हणाले होते. पुढं चावडीवर चौकशी झाली तेव्हा काकासाहेबांनी खाली मान घालून, अगदी हळहळत सांगितलं, की गडी त्या दिवशी प्यालेला होता. एकादशीला चहासुद्धा न घेणारा तो माणूस. गोजरबाई उठली. तिचं तोंड उघडलं न उघडलं तोच काकासाहेब तिच्याकडं न बघता म्हणाले, "गप."

एका शब्दानं सगळी चावडी गप झाली. यारीवर आसारामसोबत राबणारा बन्सी, ज्याला सगळं ठाऊक होतं, तोही पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला.

दीड वर्ष निरगुडीत भिजून आसाराम काठी टेकत चालायला लागला. पण दारू पिऊन चेंगरलेला हा शिक्का काही निरगुडीनं निघेना. लेकीला पाहायला आलेले पाहुणे वेशीवर कुणाशी तरी बोलायचे आणि चहा न घेता परत जायचे. दोनदा असं झालं. गोजरबाईनं तो ‘गप’ दागिन्यासारखा जपून ठेवला. रोज सकाळी हंड्याखाली जाळ घालताना मनातल्या मनात काढायचा, पदरानं पुसायचा, परत जागेवर ठेवायचा.

संक्रांतीला काकासाहेबांची कंबर धरली. कशानं, याच्या गावात तीन कथा होत्या. चारचौघांत सांगण्यासारखी एकच, की ते वासरू उचलायला वाकले. राहात्याच्या सुया झाल्या, नगरचा पट्टा झाला, तरी सरपंच पालथेच. शेवटी त्यांची बायको रतनबाई गोजरबाईच्या दारात आली आणि घरी येऊन शेक द्याल का म्हणून विचारू लागली.

"काहील कशी आनू, वैनी?" गोजरबाई म्हणाली. "तुमच्याच बांधावरची हाय, वाट तिला ठाव हाय. पर पाय न्हाईत तिला."

तेव्हा सरपंचच आले. बैलगाडीत कडब्यावर पालथे, तोंड मागच्या बाजूला. त्या दिवशी सगळ्या गावाचं त्याच रस्त्यावर काहीतरी काम निघालं. लिंबाखाली बसलेल्या आसारामनं गाडी पाहिली, मग बायकोकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "पानी नीट निवव. भाजू नगंस."

"भाजायचं असतं तर निरगुडी कशाला घातली असती," ती म्हणाली.

औषधात तिनं तिळाइतकीही खोट केली नाही. निरगुडी ताजी, पाणी बेताचं, तेलाचा हात मऊ. काकासाहेब काहिलीत बसले की डोळे मिटून एखाद्या म्हशीसारखे सुस्कारे सोडत. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी काहिलीबाहेर आले आणि त्यांनी विचारलं, की आता पथ्य काय. आपणहून विचारलं. एवढ्याचीच ती वाट पाहत होती.

"शीर सुटली," गोजरबाई म्हणाली, "पर ती मानंतनं खाली उतरती. ती बसंपत्तोर अकरा दिस बोलायचं न्हाई, मान हलवायची न्हाई. बोललात तर कमरंखालचं समदं जाईल. आमच्या मालकांचं बघताय न्हवं."

काकासाहेबांनी लिंबाखालच्या काठीकडं पाहिलं. मग घाईनं म्हणाले, "आगं, सव्वीस तारखेला झेंडा हाय, ग्रामसभा हाय..."

"गप," गोजरबाई म्हणाली.

चार वर्षांनी तो शब्द वापरात आला. किती हलका निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

सरपंच गप झाले. मानेला मफलर घट्ट गुंडाळून घरात खांबासारखे बसू लागले. सही सोडून दुसरं काही लिहिता येत नसल्यानं पाटीचा उपयोग नव्हता. चहासाठी हात आपटला की पाणी यायचं, पाण्यासाठी आपटला की हिशेबनीस यायचा. रतनबाईनं वीस वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली आणि ती तिला इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला. तो दुसऱ्याच्या हातानं चढू देणारे सरपंच काकासाहेब नव्हेत; आले, दोरी ओढली, मान ताठ ठेवून खुर्चीत बसले. सभेचं कामकाज मिशनच्या शाळेतले यशया मास्तर लिहून घेत. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, आणखी कुणाचा काही विषय आहे का.

गोजरबाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, सरपंचांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"आसाराम त्या दिवशी प्यालेला न्हवता," ती म्हणाली. "नाडा इरलाय म्हनून त्यानं तीन दिस आधी सांगितलं हुतं. सरपंच म्हनले, एवढा थर निघू दे. मी खोटं बोलत आसंन तर सरपंच हितंच बसल्यात. त्यांनी म्हनावं, खोटं."

सभेनं सरपंचांकडं पाहिलं. सरपंचांचे ओठ हलले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग नकार द्यायला उचललेला त्यांचा हात आपोआप मागं गेला, कमरेवर, नुकत्याच सुटलेल्या त्या जागी. ओठ मिटले. गोजरबाई हलली नाही. माणूस पाण्यात किती वेळ बसवायचा हे तिला नेमकं कळत होतं. तितका वेळ तिनं त्यांना तसंच बसवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हाही तिला दया आली नाही, आणि ती यावी असंही तिला वाटलं नाही.

मागून बन्सी उठला. चार वर्षं माती उकरून झाली होती. "व्हय," तो म्हणाला. "नाडा इरल्याला हुता. मीच बांधला हुता त्यो यारीला."

यशया मास्तरांनी टाक बुडवला आणि रीतीप्रमाणं लिहिलं: आसाराम नशेत नव्हता असे गोजरबाईने सांगितले, बन्सीने दुजोरा दिला, सरपंचांनी हरकत घेतली नाही. मग सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. वही पुढं आली तशी सवयीनं सरपंचांनी सहीही केली. सही करायला पथ्य नव्हतं.

घरी गेल्यावर आसारामनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "नाव घेतलंस माझं."

"घ्यायलाच लागलं," ती म्हणाली, आणि हंड्याखाली जाळ घालायला गेली.

बाराव्या दिवशी काकासाहेबांचं तोंड सुटलं, आणि जे सुटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते तडक मास्तरांकडं गेले नि तो मजकूर खोडा म्हणाले. मास्तरांनी अंगठे मोजून दाखवले आणि वही कपाटात ठेवली. वैशाखात गोजरबाईच्या दारात पाहुणे आले. वेशीवर कुणाशी तरी बोलले, आणि पुढं येऊन चहा घेतला.

जीभ बांधल्याची गोष्ट गावात पहिल्यांदा सांगितली ती काकासाहेबांनीच. करणीला बळी पडलो म्हणणं त्यांना भ्यालो म्हणण्यापेक्षा सोपं वाटलं. काहिलीखाली चार विटा होत्या, दुसरं काही नव्हतं. कंबर सुटायला गप बसावं लागत नाही. ते पथ्य गोजरबाईनं मनानं रचलं होतं.